कुबड्या स्टॉपवर, मी बसमध्ये

"पॉट्स पॅराप्लेजिया," डॉक्टर म्हणाले. मग माझा चेहरा बघून सोपं करून सांगितलं, "मणक्याचा टीबी आहे. मज्जारज्जूवर दाब आलाय, म्हणून पायातली ताकद गेली. औषधं दीड वर्ष. घाई करायची नाही."

घाई कसली, मला कूस बदलता येत नव्हती. पाठदुखीकडे मी वर्षभर दुर्लक्ष केलं होतं. तुम्ही तो गाढवपणा करू नका.

ऑपरेशन झालं. सहा महिने आडवी होते. मग पायांना कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्या, आणि दोन कुबड्या. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी झकास चालायचे. वाटलं, सुटले एकदाची. घाटकोपरच्या स्टॉपवर उभी राहिले तेव्हा कळलं, बसची पायरी माझ्या गुडघ्याएवढी उंच आहे. ती चढायला कुणी शिकवलंच नव्हतं.

मरोळच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. साहेबांनी निरोप धाडला होता, सोमवारपासून वेळेवर या, नाहीतर जागा भरतो.

सोमवारी रांगेतल्या दोघांनी मला विचारलंसुद्धा नाही. काखेत हात घालून उचललं आणि सीटवर नेऊन ठेवलं. कंडक्टरने डबल बेल दिली. कुबड्या स्टॉपच्या खांबाला टेकलेल्याच राहिल्या.

मरोळ आलं आणि गेलं. अंधेरीला सगळे उतरले.

"ताई, शेवटचा स्टॉप," कंडक्टर म्हणाला.

"उतरू कशी? माझे पाय घाटकोपरला राहिलेत," मी म्हटलं आणि रडायलाच लागले. त्या रिकाम्या बसमध्ये अडकले तशी मी पलंगावरही अडकले नव्हते. कुणा भल्या माणसाने कुबड्या मागच्या बसमधून पाठवल्या. कारखान्यात पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

"उद्या शेवटची संधी," साहेब म्हणाले.

मंगळवारी तेच दोघं पुन्हा धावले. "हात लावू नका मला," मी चढ्या आवाजात म्हटलं. "आधी कुबड्या आत घ्या." दारातला दांडा धरला, बसकडे पाठ केली, पायरीवर बसले आणि ढुंगणावर सरकत वर गेले. साडीची वाट लागली. ड्रायव्हर कुरकुरला.

"थांब रे, ताई चढतायत ना," कंडक्टर म्हणाला. मरोळला तशीच सरकत उतरले. वेळेवर पोचले, जागा राहिली.

डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल, तर मायेने उचलणाऱ्यांनाही थांबवा. आणि बस बांधणाऱ्यांनो, मी रोज सकाळी भरल्या रांगेसमोर त्या पायरीवर बसते. लाज वाटते. तरी बसते.