खिडकीजवळची खाट

आखातातल्या गुदैबियात आम्ही एकेक खाट भाड्याने घेऊन राहतो, त्या फ्लॅटचा कारभार चिपळूणचा एक ड्रायव्हर बघतो. टीव्हीवर पॅलेस्टाइनच्या बातम्या लागल्या, की हा बनियनवर बसून इंग्रजांचा उद्धार करतो. "सायबाने एकच जमीन अरबालाही कबूल केली नि ज्यूलाही. मग भांडण लावून दिलं नि स्वतः बोटीत बसून घरी. खलास."

परवा आमच्याकडची खिडकीजवळची खाट रिकामी झाली. शुक्रवारी दोघं जण बॅगा घेऊन दारात हजर, एक मालवणचा, एक केरळचा. खाटेचा शब्द दोघांनाही यानेच दिलेला. ते हमरीतुमरीवर आले, तसा याने शर्ट चढवला. "तुम लोग आपस में देख लो, मेरा ड्युटी है."

शुक्रवारी त्याला सुट्टी असते. निघताना बातम्या चालू असलेला टीव्ही मात्र त्याने आठवणीने बंद केला.