ताकातलं औषध

आमच्या भावकीत आजही सांगतात की पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोवर औषधाचा प्रयोग केला आणि तिचं लिव्हर आणखी बिघडवलं. हे खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लोक माझ्याच घरात बसून हे बोलायचे आणि मी त्यांच्यापुढं चहा ठेवायचो.

तिचा आजार आधी सांगतो, कारण तो कुणी नीट ऐकूनच घेतला नाही. शरीराची राखण करणारी ताकदच उलटते आणि लिव्हरमधल्या पित्ताच्या बारीक नळ्या हळूहळू खाऊन टाकते. असं का होतं ते डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नाही. गोळ्या जन्मभर घ्यायच्या. तिला सगळ्यात जास्त छळलं ते खाजेनं. तळहात, तळपाय, पाठ. नखं बारीक कापली तर ती कंगव्यानं खाजवायची.

लिव्हर म्हटलं की माणसांना एकच सुचतं. फौजेतून रिटायर झालेला माझा चुलतभाऊ तिच्यासमोरच मला म्हणाला, "गड्या, बाटली मी तुझ्यासाठी आणायचो रं. वैनी कवापासनं प्यायला लागल्या?" सगळे हसले. तीही हसली. आत जाऊन तिनं पाठ भिंतीला घासली, ते मी पाहिलं. तरी मी त्याला काही बोललो नाही. गप्प बसायची सवय तेव्हापासूनची.

दोन वर्षं गोळ्या घेऊनही तिचे रिपोर्ट खाली येईनात. सांगलीत ज्या डॉक्टरांकडं आम्ही जात होतो, ते तीच चिठ्ठी पुन्हा लिहून द्यायचे. नव्या औषधांच्या चाचण्या चालतात, त्यात रुग्णाला भाग घेता येतो, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं इंटरनेटवर यादी शोधून काढली. सगळी इंग्रजीत. कुठं भरती संपलेली, कुठं दिलेला फोन कुणी उचलत नाही, कुठं केंद्र तिकडं चेन्नईला. पोरगी महिनाभर डबा खाताना फोन लावत बसायची. शेवटी पुण्यातच एक केंद्र सापडलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी संमतीपत्राचं पान न् पान मराठीतून वाचून दाखवलं. म्हणाल्या, "काहींना खरं औषध मिळेल, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला काय ते मलाही कळणार नाही. तुमच्या नेहमीच्या गोळ्या चालूच राहतील. पण दुसरं काही घ्यायचं नाही. काढा नाही, चूर्ण नाही, झाडपाला नाही. चुकून घेतलंच तर सांगा, मी रागावणार नाही."

"मॅडम, मी शेपूची भाजीबी तुमाला इचारून खाईन," बायको म्हणाली.

त्यांनी सगळं इतकं स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या डोक्यात मात्र त्यातला 'रिकामी' हा एकच शब्द बसला. एसटी शिरवळच्या पुढं आली तोवर मी ठरवून टाकलं होतं की हिच्या वाट्याला रिकामीच आली असणार. आधार काही नव्हता. कुपवाडच्या कारखान्यात मी लेथ मशीनवर जन्म काढला. चांगला माल बाहेर जातो आणि नाकारलेला आपल्या माणसांत वाटतात, एवढंच मी पाहिलं होतं.

आमचं मूळ गाव वडूजच्या पलीकडं. तिथं एक जण रविवारी काविळीचं औषध देतो. पैसे घेत नाही, नारळ घेतो. लांबून माणसं येतात. मी पुडीत काय आहे ते विचारलं, तर तो म्हणाला, "इचारलं की गुण जातो, पावनं. आन् जिला द्यायचं तिलाबी सांगू नगा. ताकातनं घाला." आमच्याकडं हे सगळ्यांना ठाऊक आहे, झाडपाल्याचं औषध बोलून दाखवायचं नसतं. कारखान्यात मापात केसभर फरक असलेला भाग मी बाजूला काढायचो, मोजल्याशिवाय पुढं सोडायचो नाही. तोच मी न मोजलेली, नाव नसलेली पूड खिशात घालून सांगलीला आलो.

रिटायर झाल्यापासून सकाळचं ताक मीच करायचो. तिच्या पेल्यात चिमूटभर पूड टाकू लागलो.

दीड महिन्यानं ती म्हणाली, "आवं, काल दिसभर कंगवा हातात घेतला न्हाई."

मी मनात म्हटलं, बघा, रिकाम्या गोळीनं हे झालं का? पुन्हा गावी गेलो, पुड्या आणल्या आणि चिमटीच्या दोन चिमट्या केल्या.

मग तिचे डोळे पिवळे झाले. रक्ताचे आकडे एकदम चढले. पुण्यात तिला दाखल करून घेतलं आणि चाचणीचं औषध बंद झालं. डॉक्टरबाईंनी कॉटशेजारी बसून तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं, बाहेरचं काही घेतलं का. बायको म्हणाली, "न्हाई ओ. देवाशपथ न्हाई." ती खरंच बोलत होती. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"काका, तुम्ही काही दिलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

माझ्यासमोर त्यांनी कागदावर लिहिलं की हा त्रास बहुधा चाचणीच्या औषधाचा. तिचं नाव चाचणीतून निघालं. घरी येऊन मी उरलेल्या पुड्या मोरीत ओतल्या. दोन-तीन महिन्यांत आकडे उतरले. खाज मात्र परत आली, पहिल्यासारखी.

"कंपनीनं वैनीचा उंदीर केला," चुलतभाऊ येईल-जाईल त्याला सांगायचा. "तुमी केस का करत न्हाई?"

चाचणी संपली तेव्हा डॉक्टरबाईंचा फोन आला. कुणाला काय मिळालं होतं ते आता उघडलं होतं. म्हणाल्या, "काकूंना खरं औषध मिळालं होतं."

म्हणजे तिची खाज त्या गोळीनं गेली होती. ती गोळी मी बंद पाडली. स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता, आणि तरीही मी तोंड उघडलं नाही. भित्रेपणाला दुसरं नाव मी शोधणार नाही.

आता तिचं लिव्हर घट्ट होत चाललंय. हे असंच चाललं तर पुढं बदलूनच टाकावं लागेल, असं सांगतात. मुलीनं आणखी एका औषधाची चाचणी शोधली. बायको तयार होईना. "माझ्या अंगाला त्यांचं औषध सोसत न्हाई. एकदा मरता मरता वाचलीया मी," म्हणाली. मुलगी फोनवर रडली. माझ्या खोट्यावर बायको आपला जीव पणाला लावत होती, तेव्हा कुठं मी बोललो.

ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. काड्या वेगळ्या, पानं वेगळी, तिचे हात चालूच होते.

"तरीच ताक कडू लागायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं, आजारानं तोंडाची चव गेली. टाकलं तर तुमाला वाईट वाटंल म्हणून पीत हुते."

पुढं म्हणाली, "मॅडमना फोन लावा. माझ्यासमोर."

लावला. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "काका, त्या एका नोंदीवरून बाकीच्या पेशंटचा डोस कमी करायचा का, यावर आमच्या बैठका झाल्या. काय होतं त्या पुडीत?"

"माहीत नाही."

"किती दिलंत?"

"चिमटीनं. मोजलं नाही."

"जेवढं आठवतं तेवढं लिहून, सही करून पाठवा," त्या म्हणाल्या. नोंद दुरुस्त झाली तर काकूंचा नव्या चाचणीसाठी विचार होईल, आधीच्या नोंदीवर तो झाला नसता, असंही म्हणाल्या. रागावणार नाही असं त्यांनी पूर्वी सांगितलं होतं. या वेळी त्या रागावल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं.

काल ती मुलीबरोबर पुण्याला तपासण्यांना गेली. मीही पिशवी भरून तयार होतो.

"तुमी हितंच ऱ्हावा," ती म्हणाली. "तितं मला काय इचारतील ते मी खरं सांगंन. तुमी शेजारी असला की ते खरंच हाय का, हे मला कळत न्हाई."

ताक आता ती स्वतः करते. काल निघण्यापूर्वी तिनं भांडं धुऊन पालथं घातलं.

सही केलेला कागद डॉक्टरबाईंकडं गेला. हे भावकीसाठी लिहिलंय. रविवारी चुलतभाऊ येईल. त्याचं हे शेवटपर्यंत वाचून झाल्याशिवाय मी चहा ठेवणार नाही.