ठोकळे लागले?

मी खाडीवर पोचलो तेव्हा सर्व्हिस मोटारीचा टप तेवढा पाण्यावर दिसत होता. दत्ताराम कंडक्टरला किनाऱ्यावर घोंगडीखाली ठेवलं होतं. ड्रायव्हर सदू त्याच्या पायाशी बसला होता. मला बघून उठलासुद्धा नाही.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी मोटार कंपनीत फोरमन होतो. गाड्या दुरुस्त करायच्या आणि काही घडलं की मालकाला कारण लिहून द्यायचं, हे माझं काम. देवगडच्या वाटेवरच्या त्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. दोन पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, शेजारी बांधून वर फळ्या ठोकायच्या, त्या तराफ्यावरून गाडी पलीकडे जायची. त्यावर गाडी उभी करणं हे चालवण्यापेक्षा अवघड. पॅसेंजर आधी खाली. गाडी चढली की ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. कंडक्टरने मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे आणि ओरडायचं, "लागले!" ड्रायव्हरने उलट ओरडायचं, "लागले!" मग पाय काढायचा, मग तराफा चालवणाऱ्या तांडेलाने किनाऱ्याचा दोर सोडायचा. हे मी सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. काही महिने पाळलं त्यांनी. पण रोजचीच माणसं, रोजचीच खाडी. ओरडायची लाज वाटायला लागली. नुसती मान हलवली की झालं.

"गाडी गिअरमध्ये होती?" मी सदूला विचारलं.

"न्यूट्रल."

"का?"

"इंजीन चालू ठेवलंय. बंद केला तर परत चालू कोण करतलो? बॅटरी मेलेली आसा, तुमका ठावक नाय काय?"

ठाऊक होतं. नव्या बॅटरीसाठी मालकाच्या मागे लागून माझी जीभ झिजली होती. राहिला हँडब्रेक. तो खाऱ्या हवेने गंजलेला, सपाटीवर गाडी धरायचा, त्याहून जास्त नाही.

"आणि ठोकळे?"

सदूने घोंगडीचं टोक सारखं केलं. मग म्हणाला, "माका आरशात दत्ताराम दिसलो. किनाऱ्याकडे चललो होतो. माका वाटला, ठोकळे लावल्यान आनि चललो."

"विचारलं नाहीस?"

"मेस्त्री, पाण्याच्या तोंडार मानसाक 'खंय चललंस' म्हणान कसा इचारूचा?"

मला राग आला, पण त्याला दोष तरी कसा देणार? निघालेल्या माणसाला कुठे चाललास असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. अपशकुन होतो, काम फिसकटतं. पाण्याजवळ तर नाहीच नाही. माझ्या घरीही हेच.

झालं होतं ते असं. तराफा येईपर्यंत गाडी उतारावर थांबली होती, तेव्हा ठोकळे तिथेच चाकांखाली लावलेले. गाडी पुढे चढली, ठोकळे मागे राहिले. दत्ताराम ते आणायला गेला. सदूने हँडब्रेक ओढून पाय काढला आणि खाली उतरून विडी पेटवली. ड्रायव्हर उतरला म्हणजे सगळं झालं, असं समजून तांडेलाने दोर सोडला. तराफ्याची मागची बाजू दबली. दत्ताराम ठोकळे घेऊन फळीवर चढत होता. गाडी मागे घसरली आणि त्याच्यासकट पाण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "कंडक्टरचा निष्काळजीपणा, असं लिहा. सदूची नोकरी वाचेल."

"आणि दत्तारामाचं नाव?"

"गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"त्याच्या बायकोला पडतो. दोन्ही ठोकळे त्याच्याजवळ सापडलेत. तो काम टाकून गेला नव्हता, करायलाच येत होता."

मी बॅटरीसकट सगळं खरं लिहिलं. सदूची नोकरी गेली. मालकांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते एका परीने बरंच झालं.

दिवसकार्य आटोपल्यावर सदू मिठबावला दत्तारामाच्या घरी गेला. एकट्याला जाववेना म्हणून मला बरोबर घेतलं. दारातच म्हणाला, "वयनी, माझा चुकला. इचारूक होया होता. अपशकुन होतलो म्हणान गप रवलंय."

ती खांबाला टेकून उभी होती. रडली नाही. म्हणाली, "भावजी, इचारला आसतात तर ते रागावले आसते. पन रागावाक तरी रवले आसते."

नंतर नवा ड्रायव्हर आला की ब्रेक-क्लचच्या आधी मी त्याला एकच गोष्ट शिकवायचो. कंडक्टर पाठमोरा दिसला की मोठ्याने विचारायचं, खंय चललंस. आणि गुमान शिव्या खायच्या.