तोरणातला कढीपत्ता

शरदातल्या कोवळ्या उन्हात दसऱ्याचे तोरण झळकत होते. पण झेंडूंच्या मधून आंब्याऐवजी कढीपत्त्याची पाने डुलत होती. बाजारातले आंब्याचे डहाळे संपले, म्हणून आमच्या नव्या सुनेने कुंडीतले झाडच खुडले होते.

"बाबा, पूजेला चालेल ना हे?" तिने भीत भीत विचारले.

मी शास्त्र आठवू लागलो, तोच स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अगं, कटाच्या आमटीची फोडणी जळतेय. कढीपत्ता कुठाय?"

सुनेचा चेहरा उतरला. मी हात उंचावून तोरणातली एक डहाळी तिला काढून दिली. पाने तडतडली आणि दरवळ उंबऱ्यापर्यंत आला. जे पान नैवेद्याला पूर्णत्व देते, ते दारी अमंगल कसे असेल? मन हर्षाने भरून आले.

"चालेल," मी म्हणालो, "पुढच्या वर्षी मात्र दोन कुंड्या लाव."