सज्ज्यावरची पानवेल

माजलगावच्या बाजारगल्लीत, एका आडतीच्या वर चतुराबाईंची खोली होती. नवरा त्याच आडतीत मुनीम होता. तो वारला, तरी मालकानं बाईला राहू दिलं. निजामाच्या राज्यातली गोष्ट. खोलीला उत्तरेकडं सज्जा, समोर धर्मशाळेची उंच भिंत. ऊन कधी यायचंच नाही.

सज्ज्यात तुळस लावली, ती वाळली. दुसरीही गेली. गल्ली म्हणाली, "तुळससुदिक टिकंना हिच्यापाशी!" भिंतीला कुणी बोल लावला नाही.

विधवेकडं कोण जाणार? भाजी-मीठ दोरीच्या टोपलीतून वर यायचं. तरी चतुराबाई रोज सकाळी जिना झाडायच्या.

एकदा पानं विकणाऱ्या बंकटनं टोपलीत पानवेलीचं कांडं टाकलं. "काकू, हिला सावलीच लागती."

फुटक्या रांजणात कांडं लागलं. पहिलं पान फुटलं, ते सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी वेलीलाच सांगितलं. वेल तुळईला पोचली. पानं पिकून गळायची.

एका श्रावणात सिंदफणेला पूर आला, बंकट पल्याडच अडकला. शेजारी दुसऱ्या दिवशी बारसं, आणि विड्याला पान नाही. त्या घरची नवी सून विमल, म्हणजे माझ्या सासूबाई, सज्ज्याखाली उभ्या राहिल्या.

"काकू, टोपली सोडा की! पानं पायजेत."

दारातून त्यांच्या सासूबाई ओरडल्या, "अगं, तिच्या हातचं चालंल व्हय बारशाला? सवाष्णीनं खुडावं. तूच जा वर!"

वर सगळं ऐकू गेलं. चतुराबाईंनी अर्धी सोडलेली टोपली परत ओढली. "ये बाई. जिना झाडलेला हाय."

विमल खुडत होती. चतुराबाई वेलीला हात न लावता बाजूला उभ्या.

"म्हायेर कुठलं गं?"

"युसूफ वडगाव."

"लई लांब. करमतं का?"

विमलचे डोळे भरून आले. चतुराबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, ती प्याली.

"बास आता. ऱ्हायलेली कोवळी हायत. गौरीला ये."

राहिलेली पानं तळहाताएवढी, काळीभोर हिरवी होती. विमलनं ते पाहिलं. "येते," ती म्हणाली.

गौरीला पूर ओसरला होता. बंकट दारातच ढीग घेऊन बसलेला. मग वर कशाला जायचं? सासूनं सोडलं नाही.

संध्याकाळी विमलनं मान वर केली. भाजीवाली सज्ज्याखाली हाका मारून कंटाळून निघाली होती. टोपली दिवसभर खाली आलीच नव्हती. वर सज्ज्यात चतुराबाई पाण्याचा तांब्या भरून जिन्याकडं बघत बसल्या होत्या.