नाकातला दोरा

इनाडिलीमावशीच्या नाकाचा मधला पडदाच नव्हता. मुख्य भूमीवरच्या पोलिसांनी आमच्या बेटावर चौकी बसवली आणि बायकांनी नाकात सोन्याची कडी घालायची नाही, असं फर्मान काढलं. मावशीने काढली नाही. एका शिपायाने धक्क्यावर तिचे केस धरून कडी हिसडली. सोन्याबरोबर मांसही त्याच्या हातात आलं.

त्याच शिपायाने पुढे माझ्या आईवर जबरदस्ती केली. मला जन्म देताना आई गेली. मला वाढवलं मावशीने.

मी तीन वर्षांची असताना आमची माणसं उठली. सणाच्या दिवशी पोलीस पिऊन नाचत होते. होड्या लागल्या आणि कोयते चालले. त्या शिपायाला त्याच धक्क्यावर तोडला. दुपारपर्यंत खालचं पाणी लाल होतं. आमच्यातला एकच गेला, इगुआनिगिन्या नावाच्या गड्याचा भाऊ. गोळी लागली पोटात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभाघर भरलं. सायला, म्हणजे आमचा म्होरक्या, झुल्यात पडून जग घडवणाऱ्या थोरल्या आईबापाचं गाणं गायला. मग प्रश्न निघाला माझा.

"शिपायाचं पिल्लू आहे ते, उद्या चावेल," इगुआनिगिन्या म्हणाला. त्याच्या कोयत्यावरचं रक्त वाळलेलं होतं. "मी नेतो तिला खाडीवर."

मावशी आडवी आली.

"सर बाजूला, नकटे!" तो गुरकावला. "नाक बघ तिचं. कोरं. आपल्या पोरीचं असं असतं का?"

खरं होतं. पोलिसांच्या धाकाने माझं नाक टोचलंच नव्हतं.

मावशीने चोळीतली शिवणाची सुई काढली. माझं डोकं गुडघ्यांत दाबलं आणि सुई नाकाच्या पडद्यातून आरपार घातली. मी किंचाळले, तिच्या हाताचा लचका तोडला. तिच्या मांडीवर माझं रक्त, मनगटावर तिचं. तिने दोरा ओढून गाठ मारली.

"आता ने! पण आधी हा दोरा ओढून तोड. तोडलास, की तू पण शिपाईच."

सायलाने शब्द टाकला, "पोर आपली." आमच्याकडे शेवटचा माणूस "देगी", म्हणजे "असंच होवो", म्हणेपर्यंत निवाडा होत नाही. बाकावरून एकेक आवाज येत गेला. देगी. देगी. उरला इगुआनिगिन्या. तो आला, वाकला, माझं नाक बघितलं.

"वाकडं टोचलंस."

"हलत होती कार्टी."

"माझ्या आईने सरळ टोचलं असतं."

"मग बोलवायची होतीस की!"

कुणीतरी हसलं. तो हसला नाही. जाऊन बाकावर बसला, कोयता पायाखाली ठेवला आणि भावाच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. शेवटी काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," सायला झुल्यातून म्हणाला.

"देगी!" तो ओरडला आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला.

माझी कडी अजून डावीकडे झुकते.