सवाष्णीचं डोकं

आई न्हाणीत पाय घसरून पडली, तेव्हा आम्ही सगळे हसलो. सांगायची आजही लाज वाटते. ती स्वतःही हसतच उठली, कपाळाला सुंठेचा लेप लावला आणि स्वयंपाकाला लागली. पुढे पंधरा दिवस "डोकं ठणकून राह्यलं" म्हणायची, आणि मी मेली म्हणायची, "तुझं नेहमीचंच!" सतरा वर्षांची होते, शहाणपणा नुसता उतू जात होता.

मग एका सकाळी तिच्या डाव्या हातातून ताट पडलं. दुपारपर्यंत बोलणं बोबडं झालं. हाक मारली की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. बाबांच्या तोंडचं पाणीच पळालं. कारंजा गावच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता अमरावतीला न्या."

एका व्यापाऱ्याची मोटार मिळाली. बाबा पुढे बसले. मागे आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, बालविधवा. नेसायला लाल आलवण आणि पदराखाली भादरलेलं डोकं. दर पंधरा दिवसांनी न्हावी आमच्या मागच्या दाराशी येई, हे मी कळत्या वयापासून बघत होते. वाटभर मी आईच्या नाकाशी बोट धरून बसले होते. खड्डा आला की बोटाला श्वास लागेना, आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी होई.

अमरावतीचे सर्जन म्हणाले, "पडल्यापासून कवटीच्या आत रक्त झिरपतंय. त्यानं मेंदू दाबला गेलाय. कवटीला भोक पाडून ते काढावं लागेल. आधी सगळं डोकं भादरून घेऊ."

भोक पाडायला बाबांनी मान डोलावली. अडले ते केसांवर!

"सवाष्ण हाय ती. मी जिता असताना तिचं डोकं भादरू?"

"उशीर केलात तर केस राहतील, बाई राहणार नाही," डॉक्टर म्हणाले.

बाबा भिंतीकडे बघत राहिले. पलीकडे आईचा श्वास घोरल्यासारखा वाजत होता. मला बाबांचा असा राग आला, की त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

तेवढ्यात आत्यानं, परक्या माणसांसमोर, डोक्यावरचा पदर खाली ओढला.

"माह्याकडे पाह्य. चाळीस वर्षं झाली. केसावाचून कोणी मरत नाही रे. शिर सलामत तर पगडी पचास. कर सही."

बाबांनी सही केली.

ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. आठवतील तेवढ्या देवांना मी नवस बोलले, एकही धड आठवत नाही. दार उघडलं तेव्हा आई जिवंत होती.

तिसऱ्या दिवशी तिनं नीट डोळे उघडले. बाबा नळावर तांब्या भरायला गेले होते. नर्स पट्टी बदलत होती. आईनं उजवा हात उचलून डोक्यावर ठेवला. हात पुढून मागे गेला आणि तिथंच थांबला. मग तिची नजर शेजारी बसलेल्या आत्यावर गेली.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "हे कधी गेले?"

अगं बाई! भादरलेल्या डोक्याचा ती असा अर्थ घेईल, हे आमच्या कुणाच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. मी बाबांना आणायला धावत सुटले.

बाबा पाणी सांडतच आले. आई त्यांच्याकडे बघून आधी घाबरली, अंग चोरून घेतलं. मग त्यांचं मनगट धरलं आणि मोठ्यानं रडली. बाबाही रडले, सगळ्या वॉर्डासमोर.

आत्या उठून व्हरांड्यात गेली. मी मागोमाग गेले. तिनं पदर पुढे ओढून घेतला होता.

"तिले सांग, वाढतात म्हणा केस," ती म्हणाली. "कोणी कापले नाही तर वाढतात."

महिन्यानं आम्ही घरी आलो. पुढच्या पंधरवड्याला न्हावी मागच्या दाराशी आला, तेव्हा बाबा स्वतः उठले आणि त्याला परत पाठवलं. त्या वर्षी दोघींचे केस बरोबरच वाढले. आत्याचे पांढरे होते.